झाकण सरळ होतं

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हाही तो जुनाच होता, आणि पुढे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं मी त्यातल्याच पाण्यानं आंघोळ केली. मागच्या अंगणात न्हाणीच्या भिंतीला लागून तो तीन पायांवर उभा असायचा. मधोमध नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. वर पाणी घालायचं तोंड, खाली तोटी. पूर्वी सरपण जंगलातून यायचं. वाघामुळे बायांचं तिकडे जाणं बंद झालं तेव्हापासून बंब तुरीच्या काड्यांवर आणि बुरडाकडून आणलेल्या बांबूच्या ढलप्यांवर चालायचा. पहाटे तो पेटवायचं काम सासूबाईंचं. दुसऱ्या कोणी पेटवला तर त्यांना आवडायचं नाही. "धूरच करता तुमी नुसता," म्हणायच्या.

बंबाचा नियम एकच. जेवढं गरम काढलं तेवढं थंड वरून घालायचं. आत पाणी नाही आणि खाली जाळ आहे असं झालं, तर जोडावरचे कथिलाचे टाके वितळतात आणि बंब कामातून जातो. पण आमच्याकडे नळ एक दिवसाआड, विहिरीवरची मोटर विजेवर, आणि वीज कधी असेल याचा भरवसा नाही. पाणी काढणाऱ्याजवळ घालायला थंड पाणी असेलच असं नव्हतं. म्हणून सासूबाईंनी एक खूण घालून दिली होती. बंबाच्या तोंडावरचं झाकण सरळ असलं, म्हणजे मूठ वर, तर आत पाणी आहे, खुशाल काड्या घाला. झाकण उताणं असलं तर पाणी काढलेलं आहे, आधी पाणी घाला. घरातल्या सगळ्यांना ती खूण पाठ होती. माझी मुलं बोलायला लागायच्या आधी झाकण उताणं करायला शिकली असतील. पाहुणे आले की त्यांनाही सासूबाई पहिल्यांदा तेच सांगायच्या. जावई हसायचे, म्हणायचे, "मामी, तुमच्या घरी बंबाची वेगळीच बाराखडी हाय."

सासूबाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी कमी बोलते, सगळेच म्हणतात. शाळेत म्हणतात, गावात म्हणतात. बाई मोजकं बोलतात, पण त्यांच्या पोटात काही नसते, असंही म्हणतात. हे दुसरं खरं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

त्या वर्षी आमच्या घरात गिझरवरून वाद चालू होता. वाद म्हणजे मी दोनदा विषय काढला आणि यांनी दोनदा उडवून लावला. "बंब हाय तोवर गिझर कायले पाहिजे? आईले करमते बंबापाशी." मला पहाटे साडेसहाला निघून शाळेची बस गाठावी लागे. केसांना धुराचा वास यायचा. पन्नाशी आली होती, थंडीत अंगणातून न्हाणीपर्यंत बादली न्यायला कंबर साथ देत नव्हती. मागणं गैर नव्हतं माझं. तेवढंच ठामपणे बोलून दाखवलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मी बोलले नाही. मनात ठेवलं.

तो रविवार होता. पौषातली थंडी. सासूबाईंनी सकाळी बंब पेटवला, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, मग त्यांनी बंबात पाणी भरून ठेवलं आणि समोरच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. मी पांघरुणं भिजवायला काढली. तोटी सोडली आणि एकामागे एक चार बादल्या काढल्या. तोटी शेवटी नुसती फुरफुरली. आत किती उरलं म्हणून झाकण उचलून पाहिलं. काहीच उरलं नव्हतं. खाली थोडा विस्तव होता. वीज नव्हती, मोटर बंद, टाकी रिकामी. म्हणजे झाकण उताणं ठेवायचं.

तेवढ्यात भिंतीवर ठेवलेला फोन वाजला. माहेरचा. भाचीची सोयरीक जुळत होती, दहा दिवसांपासून त्याच फोनची मी वाट पाहत होते. एका हातानं फोन उचलला, दुसऱ्या हातातलं झाकण ठेवून दिलं. स्वयंपाकघरात दिवसभर भांड्यांवर झाकणं ठेवायची सवय असलेला हात. त्यानं ते सरळ ठेवलं. मूठ वर. मी पाहिलंही नाही, आणि फोन घेऊन माडीवर गेले, कारण तिथे रेंज चांगली मिळते.

बराच वेळ बोलत होते. मुलगा काय करतो, घरी शेती किती, सगळं. मग खालून आधी एक आवाज आला, पत्रा आखडल्यासारखा, आणि पाठोपाठ सासूबाईंची हाक.

खाली आले तेव्हा बंबाची नळी एका बाजूनं सुटली होती. राखेत कथिलाचे थेंब पडले होते, पांढरे, लहान लहान. सासूबाई काठीनं जळत्या काड्या बाहेर ओढत होत्या. हे धावत आले, बादली शोधली, बादलीत पाणी नव्हतं. भिजवलेल्या पांघरुणांचं साबणाचं पाणी होतं, तेच त्यांनी ओतलं.

धूर खाली बसल्यावर यांनी विचारलं, "आई, पाणी पाह्यलं नाई का?"

"झाकण सरळ होतं," सासूबाई म्हणाल्या. "मी पाह्यलं न. सरळ होतं म्हणून तं काड्या घातल्या. म्हटलं इस्तो विझून जाईन."

"सरळ असतं तं पाणी असतं न आई. तू इसरली असशीन."

"इसरली नाई रे. मले काय झाकण दिसत नाई का?" मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाजात काही आरोप नव्हता. खरंच विचारत होत्या. "सूनबाई, तू काढलं का वं पाणी?"

मला आठवलं. आठवलं म्हणजे हाताला आठवलं. झाकण ठेवताना मूठ माझ्या तळव्याला लागली होती.

मी म्हटलं, "काढलं होतं आई. पण मी झाकण उताणं ठेवलं होतं."

एवढंच बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण वर म्हणाले, "काड्या घालताना तुम्हीच सरळ केलं असेल, लक्षात राहिलं नसेल."

त्या थोडा वेळ बंबाकडे पाहत राहिल्या. आठवायचा प्रयत्न करत होत्या. आपण झाकणाला हात लावला का, कधी लावला, कोणत्या हातानं. जे घडलंच नव्हतं ते शोधत होत्या. मग म्हणाल्या, "असन मंग."

त्यांनी माझ्यावर इतका विश्वास का ठेवला, याचं उत्तर सोपं आहे. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

दुसऱ्या रविवारी आम्ही दोघांनी बंब मूलला, तालुक्याच्या गावी, नेला. तिथे बाजाराच्या मागच्या गल्लीत एक मुसलमान कारागीर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांच्या वडिलांपासून तांब्यापितळेचं काम. सासूबाई हट्टानं सोबत आल्या. ऑटोत बंब मध्ये आणि त्या त्याला धरून बसलेल्या. ते पाहून चाचा हसले. "माय, नवरदेव आनल्यावानी धरून आनला हो बंब!"

"नवरदेव कायचा," सासूबाई म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चार-दोन वर्षानंच लहान असन तो."

चाचांनी बंब आडवा केला, नळीत बॅटरी मारून पाहिलं, बोटाच्या सांध्यानं तीन-चार जागी वाजवला. "कोरडा जळला," म्हणाले. "पन तांबं पाहा भाऊ. असं तांबं आता भेटत नाई. आताचे बंब म्हंजे कागद. हे काम होते. नळी नवी टाकतो, टाके मारतो, आतून कल्हई करून देतो. बहोत वर्षं चालन."

सासूबाईंचा चेहरा खुलला. "मी म्हटलं नवतं?" असं यांना म्हणाल्या.

"लेकिन एक बात हाय," चाचा पुढे म्हणाले. "मारलेल्या टाक्यावर पुन्हा कोरडा जाळ लागला तं मंग मी बी नाई अन् खुदा बी नाई. म्हून इचारतो, बुरा नका मानू. इस्तवाजवळ कोन राह्यते घरी?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या.

चाचा यांच्याकडे पाहायला लागले. हे माझ्याकडे. "तू सांग," हे म्हणाले. "तुले जास्त माहीत. आईच्यानं होईन का आता? होत असन तं करून घेऊ. नाई तं गिझर घेऊन टाकू."

हा प्रश्न बंबाचा नव्हता हे त्या दुकानात उभ्या सगळ्यांना कळत होतं. तांबं चांगलं आहे हे ठरलेलंच होतं. ठरायचं होतं ते सासूबाईंचं. आणि ते माझ्यावर येऊन थांबलं होतं. मी फक्त म्हणायचं होतं, होईल की. खरं सांगायचीही गरज नव्हती. एवढं म्हटलं असतं तरी बंब दुरुस्त होऊन घरी आला असता.

मी म्हटलं, "मागच्या आठवड्यात गॅसही चालू राहिला होता."

गॅस चालू राहिला होता हे खरं होतं. तो माझ्या हातून राहिला होता. शाळेच्या घाईत दुधाखाली. मी दारातून परत येऊन बंद केला होता आणि कोणाला सांगितलं नव्हतं. वाक्यात मी कोणाचं नाव घेतलं नाही. ते घ्यावं लागणार नाही हे मला माहीत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "मी?"

चाचांनी हातातली बॅटरी बंद केली.

शेवटी त्याच म्हणाल्या, "नका करू मंग. घर जाळीन मी एखाद दिवशी. देऊन टाका इथीच." मग चाचांना विचारलं, "याचं काय करसान तुमी?"

"तोडून गाळू, बाई."

"बरं," असं म्हणून त्या ऑटोत जाऊन बसल्या. त्यांना वर चढायला हात द्यावा लागला. येताना लागला नव्हता.

गिझर त्याच आठवड्यात लागला. पहिल्या दिवशी मी बटण दाबलं आणि पुष्कळ वेळ आंघोळ केली, डोक्यावरून. खूप बरं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे.

सासूबाईंनी गिझरबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. पहाटे त्यांना जाग यायचीच. उठून अंगणात जायच्या, थोडं उभं राहायच्या आणि परत येऊन पडायच्या. मग हळूहळू इतर गोष्टी सुटायला लागल्या. आधी चूल सुटली, म्हणजे गॅस. भात त्यांच्यासारखा घरात कोणाला जमत नव्हता, पण त्या म्हणायच्या, "तूच टाक वं, माझा भरोसा नाई." मग देवाजवळचा दिवा. तोही मला लावायला सांगू लागल्या. अहेरीला नणंद असते. दरवर्षी संक्रांतीनंतर सासूबाई एकट्या एसटीनं तिच्याकडे जायच्या, वाटेत अर्ध्या गाडीशी ओळख करून घ्यायच्या. त्या वर्षी पिशवी भरली आणि निघायच्या आदल्या दिवशी रिकामी केली. "आलापल्लीले गाडी बदलाची राह्यली तं? कुठी जाऊन पडीन?" नणंद फोनवर रडली. मला म्हणाली, "वयनी, तू हाय म्हणून आई हाय. नाई तं आमी काय केलं असतं?"

आणि मग विचारणं सुरू झालं. मी गोळी घेतली का वं? मी दाराची कडी लावली का? मघा कोण आलं होतं, तो आपला सालदारच होता न? त्यांना सगळं बरोबर माहीत असायचं. गोळी घेतलेली असायची, कडी लावलेली असायची, शेतावरचा सालदारच आलेला असायचा. पण मी हो म्हणेपर्यंत त्यांना ते खरं वाटायचं नाही. शाळेतून यायला मला उशीर झाला की त्या दारात उभ्या. दिवसभरात साठलेलं सगळं एकदम विचारायच्या. मी उत्तरं द्यायची, त्या मान हलवायच्या आणि मग कुठे आत येऊन बसायच्या.

चंद्रपूरला एका डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर बाई होत्या, समजूतदार. वार कोणता, गाव कोणतं, शंभरातून सात वजा करत जा, पाच वस्तूंची नावं लक्षात ठेवा. शंभरातून सात सासूबाईंनी माझ्यापेक्षा जलद वजा केले. पण प्रत्येक उत्तर दिल्यावर त्या मागे वळून माझ्याकडे पाहायच्या. "बरोबर हाय न?"

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मला यांच्या स्मरणशक्तीत फार काही बिघाड दिसत नाही," म्हणाल्या. "पण यांचा स्वतःवरचा विश्वासच गेलाय. असं काही झालं होतं का घरी? कोणी काही बोललं का?"

मी म्हटलं, "नाही. तसं काही नाही."

दुकानातल्यापेक्षा हे जास्त सोपं गेलं.

सांगितलं मी त्यांना. उशिरा, पण सांगितलं. पुढच्या हंगामातल्या भाताची मळणी आटोपली होती, गावात दुपारी कोणी कोणाकडे जात नाही ती वेळ. घरापुढच्या छपरीत मी लाखोळीची डाळ निवडत होते. त्या समोर बसून नुसत्या पाहत होत्या, कारण खडे राहून जातील म्हणून त्या आता सुपाला हात लावत नव्हत्या. मधेच म्हणाल्या, "तो पाह्य, तुझ्या आंगठ्यापाशी खडा." तिथे खरंच खडा होता, डाळीच्याच रंगाचा. मला दिसला नव्हता.

मी सूप खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. झाकण मी सरळ ठेवलं होतं, फोन आला होता. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं. गॅसही माझ्याच हातून राहिला होता. तुम्ही काहीच विसरला नाही, आई. तेव्हाही नाही, नंतरही नाही. असं सगळं. मी आयुष्यात एका दमात एवढं बोलले नसेन. शेवटी शेवटी मला रडू येत होतं.

त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी जे जे होईल म्हणून घाबरले होते त्यातलं काहीच आलं नाही. त्या हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"कायले वं माझी चूक आपल्या आंगावर घेतेस?"

"आई, खरं सांगते मी."

"डाक्टरनं सांगितलं का तुले असं बोलाले? म्हातारीले बरं वाटन म्हणून?"

"नाही हो. शपथ."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तुले खोटं बोलता येत नाई. लग्न होऊन आली तवापासून पाहून राह्यली मी. तोंडावर दिसते तुझ्या." मग माझे डोळे आपल्या पदरानं पुसून म्हणाल्या, "माझ्या पोरीनंबी नसतं केलं एवढं."

मी अजून दोनदा सांगायचा प्रयत्न केला. त्या ऐकेनात. त्यांना ऐकायला लावायचं तर मला त्यांच्यावर ओरडावं लागलं असतं. मी डाळ निवडायला घेतली. पण मनात एक गोष्ट होती. आज नाही पटलं, उद्या पटेल. बी पडलं आहे. रात्री अंथरुणात त्या विचार करतील, झाकण आठवतील, कारण त्यांना ते आठवतच होतं. सुरुवातीपासून आठवत होतं.

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही तिघं चहा घेत बसलो होतो. हे पेपर वाचत होते. सासूबाई कप हातात धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, काल दुपारी तू मले बंबाचं काई सांगत होती का वं? झाकण तूच सरळ ठेवलं म्हणे. फोन आला म्हणे तुझ्या माहेरचा. गॅसचंबी काई म्हटलं तू. का सपन पडलं मले?"

एक शब्द चुकला नव्हता. फोनसुद्धा माहेरचा होता हे त्यांना बरोबर लक्षात होतं.

पेपर थोडा खाली आला. यांचे डोळे पेपराच्या वरून माझ्याकडे. संशयानं नाही, सहज. आई काय बोलते, एवढंच विचारत होते ते. मी हो म्हणाले असते तर त्यांनी पेपर बाजूला ठेवला असता. पुढचा प्रश्न विचारला असता. मग मूलच्या दुकानातला. मग डॉक्टरांचा.

काल मी जे सांगितलं ते दोघींत सांगितलं होतं. तिसऱ्यासमोर सांगायची माझी तयारी नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "नाही आई. असं काही बोलणं झालं नाही."

"नाई न?"

"नाही. काल तुम्ही दुपारी झोपला होता."

पेपर पुन्हा वर गेला. सासूबाईंनी कपातल्या चहाकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि मान हलवली, रोज हलवायच्या तशीच.

"बरं झालं तुले इचारलं," म्हणाल्या. "नाई तं मी ते खरंच धरून बसली असती."